इकडील क्षेम

ग्रिम्सबीच्या मासळी-गोदीत, शीतगृहाच्या माथ्यावर आमची खोली.
फरशीतून वर चढणारा गारठा,
खिडकीबाहेर कुणाच्यातरी हॅडॉकवर टपलेले सीगल.
फळ्यावर तीन नावं, तीन अवजारं.
शुक्रवारपर्यंत एक निवडायचं.

अकरा गोदामं. प्रत्येकात एक क्लस्टर:
दोन-तीन धुळकट सर्व्हर,
आत आपापल्या कामाला जुंपलेले कंटेनर.
एक तापमान मोजतो,
एक दार किती वेळा उघडलं ते लिहून ठेवतो,
एक नुसता बाकीच्यांवर नजर ठेवून बसतो
(ऑफिसातही आहे एक तसा).
हे सगळे एका मध्यवर्ती चौकीला जोडायचे.
कसे, एवढंच ठरायचं होतं.

पहिलं अवजार म्हणतं, किल्ल्या माझ्याकडे द्या,
मी हवं तेव्हा आत येईन.
सोपं आहे. एक जुडगा, एक कंबर.
कीथ सोअर्बीनं वीस वर्षं फ्रीझर दुरुस्त केले, मग केबली ओढल्या.
तो म्हणाला, "आणि ती कंबरच चोराला सापडली तर?"
फळ्यावर रेघ.

दुसरं म्हणतं, प्रत्येक दारापर्यंत बोगदा खणा.
अकरा फायरवॉल, अकरा परवानग्या,
आणि नेटवर्कवाल्या मॉरीनचे अकरा सुस्कारे.
पीटरहेडची तर जागाच भाड्याची,
मालक भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नाही.

तिसरं म्हणतं, आत एक एजंट ठेवा, चिमुकला.
बाहेरून कुणी कडी वाजवायची नाही.
तोच बाहेर हाक मारेल,
दर तीस सेकंदांनी एक ओळ:
इकडील सर्व क्षेम.
उत्तरात काही काम असलं तर ते घेऊन पुन्हा आत.
निघताना त्याच्या हातावर एकदाच चालणारं टोकन ठेवायचं,
पुढे तो आपली किल्ली आपणच घडवतो.
ती आपल्याला कधीच दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य मी माहितीपत्रकात दोनदा वाचलं.

गुरुवारी चाचणी. दोन वाजून दहा मिनिटांनी
पीटरहेडची लाइन गेली.
पडद्यावरचा हिरवा ठिपका राखाडी झाला,
शेजारी शब्द: अज्ञात.
मी फोन लावला. आयला बुकन, तिथली मुकादम,
म्हणाली, "मासे? गोठलेत की. त्यांना काय होतंय?"
कंटेनर चालूच होते,
शेवटचं जे सांगितलं होतं त्यावर.
आंधळी झाली होती ती चौकी,
गोदाम नाही.

सप्टेंबरात ऋत्विज ॲबरिस्टविथला शिकायला गेला
आणि आठवड्याभरात त्याचा नकाशावरचा ठिपका
त्यानंच बंद केला.
मी तो लाल समजले होते.
त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे, जुना, शाळेतला.
दोनदा वापरला.
तीनदा.

एक्केचाळीस मिनिटांनी पीटरहेड परत आलं,
मधल्या नोंदींचा गठ्ठा एकदम पुढ्यात टाकून,
चकार शब्दाची तक्रार नाही.
तापमान उणे तेवीस. दार चार वेळा उघडलं.
कीथनं चहा आणला. मी तिसऱ्या नावाभोवती गोल केला.
अर्जात 'कारण' असा रकाना होता.
लिहिलं: फायरवॉलचं काम कमी.
"एवढंच?" कीथ म्हणाला.
"एवढंच."

संध्याकाळी गोदीवर वारा इतका
की चालताना तिरकं व्हावं लागतं.
खिशात फोन, गप्प.
आज गुरुवार.
तो रविवारी करतो, जेवण झाल्यावर,
बहुतेक.